मालनबाई आणि फिरती दुर्बीण

गेल्या महिन्यात इथल्या रेंजवर एक नवीन मुलगी आली. रायफलचं लायसन्स मिळालेलं, आता स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, घ्यायचा होता. तिनं मला विचारलं, "मॅडम, लांब पल्ल्यासाठी फिक्स पॉवरचा घेऊ की व्हेरिएबल?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या कानात दौंडच्या मालनबाई बोलल्या. "फिरती दुर्बीण घ्यायची न्हाई. आधी माणसानं जागेवर राहायला शिकावं, मग दुर्बीण फिरवावी." मला हसूच फुटलं. त्या मुलीला वाटलं, तिच्या प्रश्नाला हसले. मग मला तिला चहा पाजून बाईंची सगळी गोष्ट सांगावी लागली. तीच इथे लिहिते आहे, कारण त्या दिवसापासून बाई मनातून हलायला तयार नाहीत.

मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होते आणि कारेगावात राहत होते. कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं नेमबाजीचा नाद लावला. दौंडहून कुरकुंभकडे जाताना आडबाजूला खडीची एक बंद पडलेली खाण होती. तिथे दहा-पंधरा हौशी माणसांनी रीतसर परवानग्या काढून क्लब केला होता. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला गोळ्या अडवणारा मातीचा भलामोठा ढिगारा, आणि मधे दोनशे मीटर उघडं रान. रविवारी मी न्हावऱ्यावरून गाडी हाकत तिथे जायची.

पहिल्या दिवशी मी नवीकोरी रायफल घेऊन गेले. वर सहापासून चोवीस पॉवरपर्यंत फिरणारी दुर्बीण. शेडमध्ये नऊवारी नव्हे, पण तशाच घट्ट खोचलेल्या सहावारी साडीत, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा एक बाई उभ्या होत्या. साठीच्या. उंच, रुंद खांद्यांच्या. त्यांनी माझी रायफल रिकामी आहे ना ते स्वतः पाहिलं, मग दुर्बिणीला डोळा लावला आणि पॉवरची अंगठी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवली.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "कशाला एवढी फिरती?"

"मॅडम, हवी तेवढी पॉवर कमी-जास्त करता येते ना."

"हवी तेवढी म्हंजी किती?"

बाईंनी पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, अंगठी सोळावर आणली आणि तिच्याभोवती पट्टीचे चार वेढे मारले. "आता दिवाळीपर्यंत हिला हात लावायचा न्हाई. पॉवर कमी पडली तर श्वास आवर. जास्त झाली तरी श्वासच आवर."

मी घरी जाताना रागात होते. दिवाळीपर्यंत माझ्या गोळ्या एका वाटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडायला लागल्या होत्या आणि राग कुठे गेला ते कळलंही नव्हतं.

मालनबाई शिरूरच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या शिबिरात त्यांनी पहिल्यांदा रायफल धरली, ती निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. नवरा, म्हणजे आमचे आप्पा, रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर. त्याची बदली दौंडला, हिची नोकरी शिरूरला. नोकरी संपेपर्यंत दोघांचा संसार सुट्टीच्या दिवशीच व्हायचा. "आमच्यातला एक कायम फिरतीवर," बाई सांगायच्या, "मग दुसऱ्यानं फिक्स राहायला नको का?" दोघं निवृत्त झाले आणि दौंडच्या घरात पहिल्यांदाच रोज समोरासमोर आले, तेव्हा भांडायला विषय हवा म्हणून की काय, आप्पांनीही नेमबाजी सुरू केली. आणि बायकोची दुर्बीण सोळा पॉवरची फिक्स, म्हणून मुद्दाम शोधून फिरती आणली.

आप्पा म्हणजे ठेंगणे, गोल, गालात सुपारी धरल्यासारखं कायम हसू धरलेले. त्या दोघांचा वाद ऐकायला काही जण रायफल नसतानाही रविवारी यायचे.

"फिक्सला आत हलणारे भाग कमी," बाई शिकवायच्या. "काचा कमी, उजेड जास्त. वजन कमी. धक्क्यानं बिघडायला आत काय नाहीच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चित्र रोज तेच. डोळ्याला सवय लागते."

"आन् ऊन तापल्यावर?" आप्पा मागून विचारायचे.

हा प्रश्न बाईंना बोचायचा, कारण तो खरा होता. एप्रिलमध्ये त्या रानावर दहा वाजताच वाफा उठायच्या. मोठ्या पॉवरमधून पाहिलं की टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलायचं. आप्पा आरामात अंगठी फिरवून दहावर आणायचे, हलणं निम्मं व्हायचं. बाई मात्र आपल्या सोळालाच डोळा लावून वाऱ्याची झुळूक येईपर्यंत पडून राहायच्या. झुळकीनं वाफ एका बाजूला कलली की बाई त्या पडद्यातून बरोबर वेळ साधून गोळी सोडायच्या. घामानं चटई भिजायची, पण बाई हलायच्या नाहीत.

आप्पांच्या फिरतीचाही एकदा पुरता बोजवारा उडाला. त्यांच्या दुर्बिणीत मधल्या फुलीच्या खाली बारीक खुणा होत्या. लांबवर गोळी खाली पडते, म्हणून फुलीऐवजी खालची खूण टार्गेटवर धरायची. पण त्या खुणा पूर्ण पॉवरलाच खऱ्या होत्या. पॉवर कमी केली की तीच खूण जास्त उंचीची होते. आप्पांनी वाफेमुळे पॉवर निम्म्यावर आणली आणि खूण मात्र जुनीच धरली. पाहुणे आले होते, कुरकुंभच्या एका कारखान्यातले साहेब. त्यांच्यासमोर आप्पांनी "बघा आता" म्हणून चाप ओढला. टार्गेटच्या कितीतरी वर, ढिगाऱ्यातून धुरळा उडाला.

"गोळी कुठं गेली?" साहेबांनी विचारलं.

"सोलापूरला," बाई म्हणाल्या. "पुढचं मोठं स्टेशन तेच."

सगळ्यांत जास्त आप्पाच हसले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बाईंनीच पदरानं पुसलं, आणि पुसता पुसता समजावलं, "फिरवली की खुणा बदलत्यात, हे ध्यानात ठेवायचं. फिरवणं सोपं हाय हो, फिरवलेलं लक्षात ठेवणं अवघड." बाईंचा हा स्वभाव मला फार आवडायचा. चिडवून झालं की त्या लगेच शिकवायला बसायच्या. आणि गोळी सुटून गेल्यावर कुणाला बोल लावू द्यायच्या नाहीत. "ती गेली. पुढची भरा," एवढंच.

एका वर्षी फेब्रुवारीत आप्पांच्या दुर्बिणीची पॉवर सगळ्यात कमी होती, तेव्हा त्यांना ढिगाऱ्याच्या उजव्या अंगाला काहीतरी हिरवं फडफडताना दिसलं. त्यांनी ओरडून सगळ्यांना थांबवलं. जाऊन पाहतात तर मातीत वेड्या राघूंनी बिळं खणलेली, चोचीत माशी धरून ये-जा चाललेली. त्याच बाजूला बाई सोळावरून कितीतरी रविवार नेम धरत होत्या, पण त्यांच्या चित्रात टार्गेटच्या पलीकडचं काही मावतच नव्हतं.

"बघ," आप्पा म्हणाले, "फिरती नसती तर पिल्लं गेली असती."

बाईंनी तिकडच्या तीन जागा दोरी बांधून बंद केल्या. पाऊस लागेपर्यंत आम्ही उरलेल्या जागांवर आळीपाळीनं बसलो. कुणी कुरकुर केली की बाई शिट्टी फुंकायच्या. आणि खाण्याच्या सुट्टीत आप्पांच्या ताटात चपातीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीचा मोठा गोळा पडायला लागला. माफीचे शब्द बाईंना यायचे नाहीत. चटणी यायची.

मग ती स्पर्धा झाली.

दर हिवाळ्यात आमचा क्लब आणि शिरूरकडचा एक क्लब यांच्यात सामना व्हायचा. जिंकणाऱ्याला एक पितळी ढाल. त्या वर्षी आम्ही पुढे होतो आणि शेवटची फेरी बाईंची होती. त्यांच्या शेजारच्या जागेवर शिरूरचा एक कापडदुकानदार होता, नाव बाळासाहेब, अतिशय सज्जन आणि नेमबाजीत बेताचा.

बाईंनी इतकं शांत मारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकेक गोळी, मधे लांब श्वास, पुन्हा गोळी. उठल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "आज गोळ्या बसल्या," एवढंच म्हणाल्या.

गोळीबार थांबल्याचा लाल झेंडा लागला, कागद काढून आणले. बाईंचा कागद कोरा. एकही भोक नाही. तेवढ्यात बाळासाहेब आपला कागद हातात धरून पुढे आले. त्यांच्या कागदावर इकडेतिकडे विखुरलेली भोकं होती, आणि बरोबर मध्यभागी भोकांचा असा दाट झुबका होता की सगळी मिळून एकच मोठं भोक झालं होतं.

"साहेब," ते पंचांना म्हणाले, "ही मधली माझी न्हाईत. मी एवढं चांगलं आयुष्यात मारलं न्हाई. मालनबाईंची असत्याल."

बाईंनी सगळ्या गोळ्या शेजारच्या टार्गेटवर मारल्या होत्या. सोळाच्या चित्रात एकच बोर्ड मावायचा, वरची नंबराची पाटी बाहेर राहायची. एकदा चुकीचा बोर्ड धरला की चूक सांगायला चित्रात काहीच नव्हतं. नियमानं दुसऱ्याच्या टार्गेटवरची गोळी वाया. ढाल शिरूरला गेली.

बाई खुर्चीवर चढल्या आणि शिट्टी वाजवली. "आज मी जल्मातलं सगळ्यात चांगलं मारलंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आन् ते बाळासाहेबांना आहेर केलंय. कापडाच्या दुकानदाराला आहेर करणारी मी पयलीच." हशा उसळला. बाळासाहेबांनी हात जोडले. बाई हसत उतरल्या, आणि रायफल पेटीत ठेवताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बास झालं आता, वर्षा."

मला वाटलं, त्या दिवसापुरतं बास. पण पुढच्या रविवारी बाई आल्या त्या रायफल न आणता. शिट्टी होती, शिकवणं होतं, चटणी होती, रायफल नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आप्पांची मजा गेली होती. ते दोन गोळ्या मारायचे आणि शेडच्या पायरीवर येऊन बसायचे.

"चुकीचा बोर्ड कुणाकडूनही धरला जातो," मी त्यांना म्हणाले.

"बोर्डाचं न्हाई पोरी," आप्पा म्हणाले. "तिला दिसत न्हाई. काच पुसत बसती. दुर्बिणीची पुसती, चष्म्याची पुसती, परवा टीव्हीची पुसली. म्हणती, धूळ हाय. आख्ख्या दौंडात धूळ फक्त हिच्याच उजव्या डोळ्यापुढं."

शेवटी आप्पांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आणि बाईंना सांगितलं की तपासणी त्यांची स्वतःचीच आहे. मी गाडी घेऊन गेले होते, म्हणून मीही आत. डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं आप्पांना एका मिनिटात मोकळं केलं आणि म्हणाली, "काकू, आलाच आहात तर तुम्हीही बसा." बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन सोपं होतं. डॉक्टरनं समजावलं, की आतलं गढूळ झालेलं भिंग काढून नवीन लेन्स बसवायची. "आता काकू, लेन्स दोन प्रकारच्या. एक असते एकाच अंतराची. लांबची बसवली तर लांबचं एकदम स्वच्छ, वाचायला मात्र चष्मा. दुसरीत लांबचं आणि जवळचं, दोन्ही दिसतं. कुठली बसवू?"

मग आप्पांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. आधी खांदे हलले, मग खुर्ची.

"डॉक्टर," ते कसेबसे म्हणाले, "म्हंजी एक फिक्स, आन् एक फिरती?"

"तुम्ही गप बसा!" बाई कडाडल्या. पण त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला होता.

डॉक्टरला काही कळेना. मी थोडक्यात सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "पण ही दुसरी फिरवता येत नाही हं. तिच्यात जवळचं आणि लांबचं एकाच वेळी असतं, मेंदू हवं ते निवडतो."

बाई सावरून बसल्या आणि रेंजवर विचारायच्या तशा एकेक गोष्ट विचारायला लागल्या. दिव्याभोवती उजेड फाकतो का? काहींना फाकतो. काळा आणि करडा वेगळा दिसतो का? एका अंतराच्या लेन्समध्ये जरा जास्त स्पष्ट. मग विचारायचं संपलं. मला वाटलं होतं त्या ताडकन "फिक्स" म्हणतील. त्या म्हणाल्या, "सांगते दोन दिवसांत."

परत येताना त्यांनी चौकात गाडी थांबवायला लावली. टपरीवर तिघं चहा प्यायला उभे राहिलो. बाईंनी कप तसाच हातात धरला होता.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय घेतलं असतं?"

इतक्या वर्षांत बाईंनी या विषयात आप्पांना मत विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आप्पांनीही ऐकलं नसावं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी दोन्हीची घेतली असती," ते म्हणाले. "मला शंभर गोष्टी बघायच्या असत्यात. पाखरू बघायचं, शेळी बघायची, ताटात काय वाढलंय ते बघायचं. तुझं तसं न्हाई. तुला एकच गोष्ट बघायची असती, पण ती अशी बघायची असती की तिच्यात कसूर नको. तू एकाच अंतराची घे. लांबची."

"आन् जवळचं?"

"जवळ मीच हाय. मला बघायला चष्मा लाव."

"तुम्हाला बघून झालंय," बाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून चहा प्यायला लागल्या. मला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं होतं. पण मला दिसलं.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंचा मला कंपनीत फोन. "वर्षा, आभाळ निळं हाय गं! मला वाटायचं, कारखान्यांनी मळवलंय." मग आठवडाभर रोज फोन. पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा दिसतो. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीचा काठ दिसतो. आप्पांच्या दाढीत राहिलेले केस दिसतात आणि ते आता खपवून घेतले जाणार नाहीत.

डॉक्टरनं परवानगी दिल्यावर रविवारी बाई आल्या. हातात रायफलची पेटी. त्यांनी रायफल काढली तर वर दुर्बीणच नव्हती. ती बसवायच्या नुसत्या पकडी.

"आप्पा, तुमची द्या," त्या म्हणाल्या.

आप्पांना ऐकू आलं होतं, तरी ते म्हणाले, "आँ?"

"फिरती द्या. डोळ्यात फिक्स बसवून घेतली हाय. आता वर फिरती चालंल."

शेडमध्ये टाळ्या वाजल्या, पण बाईंनी शिट्टी फुंकून त्या बंद केल्या, कारण अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं. आख्खी सकाळ त्या आपल्या पद्धतीनं परीक्षा घेत बसल्या. दुर्बीण बसवली, झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी जुळवली. मग सगळ्यात कमी पॉवरवर काही गोळ्या, मधल्यावर काही, पूर्ण पॉवरवर काही, सगळ्या एकाच कागदावर आणि नेम मात्र तिथेच. अंगठी फिरवल्यानं गोळी जागा बदलते का, हे त्यांना पाहायचं होतं. हलक्या प्रतीच्या दुर्बिणीत बदलते, हे त्या आम्हाला कायम सांगायच्या.

कागद आला. सगळी भोकं एका जागी होती. बाई बराच वेळ त्या कागदाकडे, हात लांब करून, चष्म्याशिवाय बघत राहिल्या.

"जागा सोडत न्हाई ही," त्या म्हणाल्या.

"मग मी इतकी वर्सं काय म्हणत हुतो?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही म्हणत हुता. दुर्बीण कुठं म्हणाली हुती?"

त्या हिवाळ्यात ढाल दौंडला परत आली. बाई चटईवर पडल्या, अंगठी खाली आणली, नंबराची पाटी इतक्या मोठ्यानं वाचली की शेजारच्या बाळासाहेबांनाही ऐकू गेली, मग पॉवर सोळावर आणून ठेवली आणि शेवटपर्यंत अंगठीला हात लावला नाही. बाळासाहेब नंतर म्हणाले, या वेळी त्यांना काहीच मिळालं नाही. नवीन शिकणाऱ्यांना बाई अजूनही फिक्सच घ्यायला सांगतात. विचारलं तर म्हणतात, फिरवायचा हक्क कमवावा लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, दुसऱ्या राज्यात. दौंड स्टेशनवर दोघं मला सोडायला आले. बाईंनी डबा दिला, आप्पांनी इंजिनकडे बघून गाडी किती उशिरा पोचेल त्याचा अंदाज दिला. गाडी हलल्यावर मी दारात येऊन उभी राहिले. प्लॅटफॉर्म मागे सरकायला लागला. गर्दीत आप्पा दोन्ही हात उंच करून जोरजोरात निरोप देत होते, माझ्या पुढच्याच डब्याला. तिथल्या दारात उभा असलेला एक अनोळखी सरदारजी बिचारा संकोचून त्यांना हात हलवत होता. तेवढ्यात बाईंनी आप्पांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि त्यांचं अख्खं तोंड माझ्याकडे वळवलं. आप्पांना मी दिसले. मग ते सरदारजीला आणि मला, दोघांनाही हात हलवत राहिले, आणि बाई त्यांची हनुवटी न सोडता मोठमोठ्यानं हसत होत्या.